धुक्यातली साद

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणसाचं बळ संकट आल्यावर जन्मतं, की आधीपासून घरातच असतं, दाराआड, केरसुणीशेजारी उभं? माना डोलवू नका! माना सगळ्याच कीर्तनांत डोलतात. आधी ऐका.

खाडीकाठी सोनू तारी होडीनं माणसं ने-आण करायचा. पौषातलं तिथलं धुकं असं, की भाकरी आपल्या तोंडाकडं न्यावी, तर शेजाऱ्याच्या तोंडात जायची! हसता काय? मी उपाशी राहिलोय! म्हणून रीत होती – धुक्यात सोनूचा बाप धाकू धक्क्यावर उभा राहून साद घालायचा, ‘होऽऽ!’ त्या आवाजाच्या रोखानं होडी घरी यायची. आवाज असा की नारळ गळायचे – आणि शेजाऱ्याचे नारळ नेमके धाकूच्याच अंगणात!

सोनूची बायको यसू मात्र अशी, की तिनं मांजराला हाक मारली तर मांजर शेजारणीला जाऊन विचारायचं, ‘मला बोलावलं का हो?’ कारण लग्नाच्या दिवशीच सासूनं, आवडाईनं, बजावलं होतं, “सूनबाई, बाईचा आवाज पाण्यावर जाऊ नये. आणि नवऱ्याचं नाव ओठावर आणू नये – त्याचं आयुष्य घटतं.” बारा वर्षं यसूनं पदराचं टोक दातांत धरलं.

धाकू वारला. महिन्याभरात धुकं उतरलं. गावचे सगळे गडी पलीकडच्या जत्रेहून सकाळी सोनूच्या होडीनं परतत होते. धक्क्यावर उरल्या बाया. आणि ओहोटी लागली! खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा, तिथं लाटा फुटतात. होडी तिकडं ओढली गेली, की संपलं.

आवडाई थाळी बडवू लागली. धुक्यातून आवाज आला, “अरे, थाळी चहूकडून वाजतेय! किनारा कुठाय?”

म्हातारीनं साद घालायला तोंड उघडलं, तर नुसता खोकला.

“आत्याबाई, मी घालू साद?”

“गप! अजून काही झालं नाही.”

अजून काही झालं नाही! मंडळी, या चार शब्दांत किती घरं बुडाली असतील? यसू गप्प राहिली. तिच्या पायाशी पाणी वीतभर मागं सरलं. मग हातभर. मग धुक्यातून किंकाळी आली – “पाणी ओढतंय रे!”

यसूनं दातांतला पदर सोडला. “अहोऽऽ!”

होडीत नऊ बायकांचे नवरे! “कुणाची गं तू?” जो तो आपापल्या अंदाजानं वल्हं ओढू लागला. आणि सोनू? त्यानं बायकोचा चढा आवाज जन्मात ऐकला नव्हता. ओळखणार कसा?

तेव्हा यसूनं छातीच्या तळातून श्वास ओढला. “सोनूऽऽ! इकडं, सोनूऽऽ!”

एकही नारळ पडला नाही, मंडळी. होडी मात्र वळली.

पण वळता वळता ती दांड्याच्या वाळूत रुतली. सोनूनं पाण्यात उडी टाकली, खांदा लावला. “त्या आवाजावर वल्ही मारा!” ओरडला. होडी सुटली. ओहोटी त्याला घेऊन गेली.

आठ माणसं धक्क्याला लागली. यसू साद घालतच राहिली. दुपारी धुकं विरलं. खाडी रिकामी होती.

बाया कुजबुजल्या, “नाव घेतलं ना? घटलं आयुष्य.” यसूनं पदर पुन्हा दातांत धरला.

आठ दिवसांनी पुन्हा धुकं. होडीवर नवा तारी. यसू चुलीपाशी बसलेली. आवडाई आली, वाकली, आणि स्वतःच्या हातानं सुनेच्या दातांतला पदर सोडवला.

“ऊठ, बाय. पाण्यात माणसं आहेत.”

“काय म्हणून साद घालू?”

म्हातारीनं तिला हाताला धरून उठवलं. “येतं तेच नाव घे. मीच तुला उशीर करायला लावला गं.”

त्या दिवसापासून तिथल्या धुक्यात एकच नाव घुमतं. कुणीही तारी असो, होडी सोनूच्या नावावर घरी येते.

तर मंडळी, संकटानं यसूला आवाज दिला म्हणून संकटाला ओवाळू नका! आवाज तिचाच होता. संकट फक्त किंमत घेऊन गेलं. आता तुमच्याकडं वळतो – हो, खांबाला टेकलेले तुम्हीसुद्धा! तुमच्या घरात कुणाच्या दातांत पदर आहे? आज जयघोष नको. गप घरी जा, आणि तो पदर सोडवा. ओहोटी लागायच्या आत.