अकरा टिचक्या

दुरुस्तीच्या दुकानात नादुरुस्त पंखा मांडीवर घेऊन ड्रायव्हर ताटकळत होता. त्याच्या पुढच्या म्हातारीनं कॉफी दळायचं हातयंत्र मिस्त्रीपुढं ठेवलं.

"काकू, पाती पाण्यानं धुतलीत ना?"

"साबण लावून! लख्ख केली."

"लख्ख कसली, गंज धरलाय. कोरड्या ब्रशनं झाडायची असतात ही."

"आमचे हे तसंच करायचे. वर्षभर झालं, डोळे गेले त्यांचे. म्हणून मी हौसेनं खोलून धुतलं आणि परत बसवलं."

"मग आता दळता तुम्ही?"

"छे! मला शिवू देतात होय? जाड-बारीक ठरवायचं हे चाक घट्ट बंद करायचं, मग उलटं फिरवत त्याच्या टिचक्या मोजायच्या. अकरावी वाजली की थांबायचं. वर्षभर एक दाणा इकडचा तिकडं नाही."

"नुसत्या कानावर? मला डोळे असून जमायचं नाही!"

"पण परवा धुतल्यापासून अकरा मोजल्या तरी जाडसर पडायच्या ऐवजी पीठच पडतंय. तेव्हापासून हात लावत नाहीत. म्हणतात, आता कानही गेले."

"कान कशाला जातील? तुम्ही चाकाखालची चकती उलटी बसवलीय. त्यांनी बरोबरच मोजलं."

"म्हणजे चूक माझी?"

"शंभर टक्के तुमची."

"अगं बाई, किती बरं झालं! थांब, फोन लावते."

मिस्त्रीनं ड्रायव्हरला खुणावलं, "द्या पंखा."

"आधी काकूंचं होऊ द्या हो."

"हॅलो, अहो, ऐकलंत का? कान शाबूत आहेत तुमचे! मीच माती खाल्ली!"