पुढची बैठक कोनाच्या ओट्यावर?

नाई, तुमीच सांगा, बर्फात बसल्याबिगर मानसाच्या डोक्यात इचार येतच नाई काय? दरवर्षी या कमिटीवाल्यायची बैठक बर्फाच्याच गावात! आता मी इंझोरीचा नरेंद्र, घरी बसून कॉम्प्युटरचं काम करतो. मोबाइलनं मानसाचं बोलनं कसं समजून घ्यावं याचे नियम ठरवनारी जगाची येक कमिटी हाय, तिच्यात मी बी हाव. फुकटातला मेंबर! तथी मले येकच गोष्ट सांगाची हाय... माही माय मोबाइलले म्हनते, 'मले सांग, नळ कवा येईन?' आन् तो म्हनते, 'माफ करा, समजलं नाही.' माय रोज इचारते, तो रोज माफी मागते. वाईट वाटते हो मले! पन हे सांगाले तथी जा लागते ना? आन् विजावाला साहेब इचारते, 'तुम्ही परत याल याची खात्री काय?' अरे भाऊ, सोयाबीन उभं हाय वावरात, परत नाई येईन तं जाईन कुठी? नाई देल्ला विजा.

मंग कमिटीच्या अध्यक्षबाईचा मेल. लय गोड बाई. 'नरेंद्र, बैठकीची जागा सर्वांना न्याय्य कशी ठरवावी? सुचवा ना!' म्हनलं, आमच्या बायायच्या बचत गटाले इचारा! रामीबाईचे गुडघे धरले, ते बैठकीले आली नाई, तं मायनं कायदाच केला: 'जे आली नाई, पुढची बैठक तिच्या ओट्यावर!' बस्स. रुसनं नाई, फुगनं नाई. तेच लिहून धाडलं आन् ओट्यावर आडवा झालो... आता सांगा, पुढची बैठक कोनाच्या ओट्यावर? माह्या!

आन् तुमाले सांगतो, मले दिसूनच राह्यलं ना... शेलूबाजारच्या फाट्यावर जर्मन, जपानी, ब्राझीलवाले उतरून राह्यले, हळूहळू, जसे काही पान्यातून चालून राह्यले. गावच्या सवाऱ्या नेनाऱ्या राजपालची जीप उभी. तो म्हनते, 'भरल्याबिगर निंगत नाई, अजून चार बसतेत!' येक लंबा जर्मन, गुडघे कानाले लागलेले, मांडीवर रामीबाईची कोंबडी! आन् मी फाट्यावर खुर्ची टाकून येकेकाले इचारून राह्यलो, 'परत जाल याची खात्री काय?' ते म्हनतेत, 'जाऊ जी, जाऊ!' म्हनलं, कायले जाता, राहा ना... मंग गावात लाइट गेली, सारे निंबाखाली बसले, माय भाकरी थापता थापता बोलून राह्यली, आन् सारं जग चूप बसून ऐकून राह्यलं. कोनीच म्हनत नाई, समजलं नाही...

'काहून रे, उन्हात झोपला?' माय! आन् हातातला मोबाइल वाजला. अध्यक्षबाई! 'नियम फारच सुंदर! एकमताने मंजूर!' म्या उडीच मारली, बाप्पा! खाली वाचतो तं, 'अंमल कसा करावा हे ठरवायला बैठक आहे, बर्फाच्या गावी. नियम तुमचा, तुम्ही प्रत्यक्ष हवेच!'

गेलो विजाले. साहेब तोच. सवाल तोच. नाई देल्ला.

तोंड पाडून घरी आलो, मायले सांगतलं. तं माय खुश! 'नाई गेला ना तू? मंग कायद्यानं पुढची बैठक कोनाच्या ओट्यावर?' आन् बसली बादलीत शेन कालवाले. आता दरसाल मी जात नाई, दरसाल पुढची बैठक माह्याच ओट्यावर रायते, माय दरसाल ओटा सारवते... आन् मंग आमी त्याच्यावर सोयाबीन वाळू घालतो.