क्लाइडला परतलेले मासे

सांवेरला जाणाऱ्या बसमध्ये पुढच्या सीटवर एक आजोबा आणि स्कॉटलंडहून सुट्टीवर आलेली त्यांची नात बोलत होती. मागे बसलेल्या सुनीताबाईंनी त्यांचं बोलणं ऐकता ऐकता आपला फोन केव्हाच पर्समध्ये टाकला होता.

"ग्लासगोजवळ क्लाइड नदीत सॅमन मासा बघितला, आजोबा. बांधावरून उडी मारत होता. एवढा, हातभर!"

"तिथे काठाने कारखाने होते म्हणालीस ना?"

"खूप. जहाजांचे, कपडा रंगवायचे. सगळी घाण नदीत. शंभर वर्षं एक सॅमन आला नाही."

"मग आता कोणी सोडले?"

"कोणीच नाही. पाणी साफ झालं, तर समुद्रातून आपले आपण आले."

"आपले आपण? त्यांना सांगितलं कोणी?"

"सच्ची, आजोबा. कोणीच नाही."

"आमच्या कापड मिलमध्ये लाल माल निघाला की आपली खान नदी लाल व्हायची, पलक. पिवळा निघाला की पिवळी."

"आणि मासे?"

"माझे वडील धरायचे म्हणे. मी नाही पाहिले."

बस खान नदीच्या पुलावर आली. रोजच्यासारखे सगळ्यांचे रुमाल नाकाला लागले, सुनीताबाईंचा पदरही.

"आजोबा, खिडकी लावा ना, बास येतेय!"

"थांब गं. बघू दे जरा."

सुनीताबाईंनी नाकावरचा पदर सोडला आणि आपल्या खिडकीची काच सरकवून उघडली, नदी बघायला.