मास्तरणीचा पगार आणि नीळकंठरावांचा बाजारभाव

आदरणीय अध्यक्ष नरहरपंत, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती श्री. नीळकंठराव मुळावकर, त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. रत्नप्रभाकाकू, चिरंजीव उदयराव, मंडळाचे सर्व पदाधिकारी, आणि समोर सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला बोलायला उभं केलं याचं तुमच्यापैकी पुष्कळांना नवल वाटलं असेल. मला तर वाटलंच. मॅट्रिकच्या दारातून दोनदा परत फिरलेला मी पोरगा. इटारसीला रेल्वेच्या उपाहारगृहात बशा विसळल्या, एका फिरत्या सिनेमाच्या तंबूबरोबर सागर-दमोह हिंडलो. त्या तंबूत एक घोडा होता, तो फक्त जाहिरातीसाठी पाळलेला... असो, घोड्याचं नंतर कधीतरी. सध्या पिपलानीच्या कारखान्याच्या बांधकामावर खलाशी, म्हणजे ओझी उचलणारा मजूर, आहे. असा माणूस या व्यासपीठावर कसा? तर परवा आपले चिटणीस विश्वासराव घरी आले आणि म्हणाले, "सुभाष, खुद्द मुळावकरसाहेबांची इच्छा आहे. होणाऱ्या सुनेच्या भावानं चार शब्द बोलावेत, आणि शेवटी लग्नाची गोड बातमी त्यानंच सभेला द्यावी."

बातमी देणार आहे. पण आधी गौरव. रीत ती रीत.

छप्पन साली राज्यांची फेररचना झाली आणि नागपूरच्या कचेऱ्यांतली माणसं फायलींसकट भोपाळला आली. त्या वेळी आमचे बाबा, कै. शांताराम, आणि नीळकंठराव एकाच डब्यात होते. इटारसीच्या फलाटावर चहा पिताना नीळकंठरावांनी बाबांना शब्द दिला, "तुझी शशिकला माझ्या उदयला." मी तिथेच होतो. चहा पिऊन झाला की मातीचा कुल्हड फोडायचा असतो हे मला माहीत नव्हतं, मी तो परत द्यायला निघालो होतो, म्हणून तो प्रसंग पक्का लक्षात आहे. पुढे वर्षाच्या आत बाबा गेले. शशिकलाताई जहांगीराबादच्या सरकारी कन्याशाळेत मास्तरीण म्हणून लागली. नीळकंठराव भेटायला आले. दुःख व्यक्त केलं, पानसुपारी घेतली, आणि उठता उठता आईला म्हणाले,

"वहिनी, शांतारामला मी शब्द दिला होता खरा. पण तेव्हा तो पगारावर होता. आता तीन हजार हुंडा कुठून आणाल?"

आई म्हणाली, "मुलगी नोकरी करते, भाऊजी."

"मास्तरणीच्या पगारात शाई येते, वहिनी. संसार येत नाही."

ताई आत पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला. बंधू-भगिनींनो, मी विसराळू माणूस आहे. मी गावं विसरलो, मालक विसरलो, त्या घोड्याचं नावसुद्धा विसरलो. हे वाक्य विसरलो नाही.

पुढे शिक्षकांचे पगार वाढवायचं सरकारच्या मनात आलं. चार प्रदेशांतून आलेल्या मास्तरांच्या पगाराच्या चार तऱ्हा होत्या, त्या एक करायच्या होत्या. तेव्हा गणपतीत याच सभागृहात साहेबांचं व्याख्यान झालं, आठवतं? मी मागे दाराशी उभा होतो. साहेब म्हणाले, मास्तरांच्या हातात जास्त पैसा गेला की बाजार चढेल, बाजार चढला की पगार पुन्हा अपुरा पडेल, आणि सरकारी तिजोरीला त्याचा परतावा काही मिळणार नाही. केवढ्या टाळ्या पडल्या! मीही वाजवल्या. विद्वानाला टाळी देण्याची रीत आहे. कचेरीतही साहेबांनी याच अर्थाची टिप्पणी लिहिली होती, हे मी नव्हे, तेच अभिमानानं सांगत असत.

पण पगार वाढला. आता काय झालं ते मी पाहिलेलं सांगतो. पुस्तकातलं मला येत नाही.

पहिला आला दूधवाला. मला म्हणतो, "को खाँ, सुना है बाईजी की तनख्वाह बढ़ गई? अब तो दूध दो पैसे ऊपर जाएगा."

ताई म्हणाली, "और पानी?"

"पानी नीचे जाएगा बाईजी, कसम से!"

तर दूध महाग झालं हे खरं. पण पाण्याचं दूध झालं! घरमालकानं खोलीचं भाडं वाढवलं, तिथे मात्र साहेब शंभर टक्के बरोबर, तिथे मी हरलो. पण पुढचं ऐका. ताई रोज संध्याकाळी इतवाऱ्यात एका कापडवाल्या शेठच्या मुलींची शिकवणी घ्यायला जायची. ती शिकवणी तिनं सोडली. शेठ तणतणत आमच्या दारात. "बाईजी, हमारी बच्चियाँ अब कहाँ पढ़ेंगी?" ताई म्हणाली, "मेरे स्कूल में. सुबह भेजिए." नाइलाजानं पाठवल्या. मग एके दिवशी शेठ शाळा बघायला आले. आपल्या मुली फाटक्या तरटावर बसलेल्या पाहिल्या, पाण्याच्या माठाला झाकण नाही हे पाहिलं, आणि आठवड्यात नव्या सतरंज्या आल्या, माठ आले, गळक्या खोलीवर कवेलू आले. इतकी वर्षं ते छप्पर गळत होतं, शेठना दिसलं नव्हतं. त्यांच्या पोरी त्याच्याखाली बसल्या तेव्हा दिसलं. आमच्या गल्लीत चार मास्तरणी राहतात. चौघींनी मिळून भांड्यांना एक बुंदेलखंडी बाई ठेवली. त्या बाईची मुलगी आता पाटी घेऊन ताईच्याच वर्गात बसते. चौकातल्या पाटियांवर, म्हणजे दुकानांपुढच्या दगडी फरशांवर, रात्रंदिवस गप्पा छाटणारे म्हातारे मियाँसुद्धा म्हणतात, "मियाँ, मास्टरों का पैसा घूमता बहुत है, घर में टिकता ही नहीं." मला वाटतं, परतावा म्हणतात तो हाच. चूक असेल तर साहेबांनी दुरुस्त करावं, ते इथेच आहेत.

अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. आलोच, नरहरपंत, मुद्द्यावर आलो.

पगारवाढीनं भोपाळच्या बाजारात सगळ्यात जास्त चढला तो एकच भाव. तो दुधाचा नव्हे, भाड्याचाही नव्हे. गेल्या महिन्यात नीळकंठराव काकूंना घेऊन आमच्याकडे आले. हातात पेढे. बसले आणि म्हणाले, "वहिनी, झालं गेलं विसरा. शांतारामला दिलेला शब्द मला झोपू देत नाही. हुंडा नको. एक नारळ आणि मुलगी द्या."

आईच्या डोळ्यांना धार लागली. मलाही वाटलं, माणूस बदलतो. काकूंनी ताईच्या हातावर पेढा ठेवला तेव्हा त्यांनी मान खाली घातली होती. का, ते मला नंतर कळलं. काकू, तुम्हाला मी या बोलण्यात धरत नाही.

दारात चपला घालताना साहेब म्हणाले, "फक्त एक सांगून ठेवतो. मी निवृत्त होतोय. सुनेचा पगार एक तारखेला माझ्या हातात यावा. घरात थैली एकच बरी."

आई चाचरत म्हणाली, "आणि माझं, भाऊजी? तिच्याच पगारावर..."

"तुम्हाला सुभाष आहे की!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसा, हसा, संकोच करू नका. त्या दिवशी मी आधीच्या कामावरून काढलेला होतो, तेव्हा मलाही हसू आलं असतं. पण आईला आलं नाही.

ताई भिंतीला टेकून उभी होती. एक शब्द बोलली नाही. साहेब प्रसन्नपणे म्हणाले, "मुलगी गप्प म्हणजे होकार," आणि जिना उतरले. दुसऱ्या दिवशी सचिवालयात पेढे वाटले. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी ते खाल्ले आहेत.

ते गेल्यावर मी ताईवर भडकलो. "बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "वर्गात मुलगी चुकीचं उत्तर देत असली तरी मी तिला मध्येच तोडत नाही, सुभाष. पुरतं बोलू देते. म्हणजे चूक किती खोल आहे ते कळतं."

साहेबांचं उत्तर पुरतं झालं आहे. या सभेच्या निमंत्रणात होणारी सून म्हणून ताईला काकूंना हळदीकुंकू लावायला बसवलंय, एवढं पुरतं झालं आहे. तेव्हा ताईचं उत्तर ऐका. काल ती म्हणाली, "मीच जाऊन सांगते." मी भांडून हे काम मागून घेतलं. म्हटलं, पेढे चारचौघांत वाटले, तर उत्तरही चारचौघांतच जाऊ दे. ती म्हणाली, "बरं. माझं उत्तर नाही, म्हणून सांग. आणि सभ्यपणे सांग." पहिलं मी सांगितलं. दुसरं मला साधलं की नाही, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, तीच ठरवेल.

हे लग्न होणार नाही. ताई काकूंना हळदीकुंकू लावेल, मंडळाची सभासद म्हणून, मनापासून. आणि एक तारखेचा तिचा पगार आमच्या आईच्या हातात येईल, आला तसा. पुढे तिला जो कुणी हवासा वाटेल त्याला आधी हे मान्य असावं लागेल.

उदयराव, तुम्ही दोन्ही वेळा आमच्या घरी आला नाहीत, आणि आजही तुम्ही गप्प आहात. तुमचा हा गप्पपणा होकार की नकार, हे तुम्हाला कधी कुणी विचारलेलंच दिसत नाही. मीही विचारत नाही. उशीर झाला.

नीळकंठराव, आपण सरकारची दीर्घ सेवा केलीत. आपल्याला आयुरारोग्य लाभो. घर चालवायला पेन्शन पुरली नाही तर चिंता करू नका. उदयराव बी.ए. आहेत, सरकारी शाळांत मास्तर हवे आहेत, आणि आता पगार चांगला आहे. आपण थांबवायला गेलात, तरी तो वाढलाच.

मंडळानं मला बोलू दिलं, अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, विश्वासरावांनी माझी बाही ओढली पण फार जोरात नाही, या सर्वांचा मी ऋणी आहे. अडाणी तोंडानं बोललोय. सभेच्या मानाला कुठे धक्का लागला असेल, तर आपण सर्वांनी मोठ्या मनानं मला क्षमा करावी. आपण सर्वांनी. सत्कारमूर्तींकडे मात्र मी ती मागत नाही.