पाहुण्यावर टूं

...आणि वर मलाच विचारतात, "टूंकाका, तुम्ही तिथं नेमकं करता काय हो?" आता करता काय म्हणजे? खेळाच्या रेडिओवर आमची ती तोफ, म्हणजे आमचा निवेदक हो, सगळे तोफच म्हणतात त्याला, तर तो सामना संपला की लोकांचे फोन घेत घेत तोंडाचा पट्टा सोडतो ना, त्याच्या शेजारच्या काचेच्या खोलीत मी बसतो. तुम्हाला वाटतं सगळं थेट चाललंय. थेट कसलं डोंबलाचं! तो बोलतो ते तुमच्या कानात काही सेकंद उशिरा पडतं, आणि तेवढ्यात तोंडातून शिवी सुटली की मी बटण दाबायचं. टूं! झालं. याच एका बोटावर पोरीचं शिक्षण झालं, लग्न झालं, ही म्हणते तसं, "लोक बुद्धीवर संसार करतात, आमच्याकडे बोटावर."

तुम्हाला सांगतो, शिवी ओळखणं काही अवघड नाही. शिवीच्या आधी माणूस श्वास घेतो. तोफ तर असा घेतो की खुर्ची करकरते. मी बिनचूक पकडायचो. पण आता? बटण आहे हो, पण दाबू कशावर?

झालं काय, आमच्या संघाचा गोली, गोलरक्षक हो. पोरगा गुणी, जन्मला इथंच, पण घराणं नदीपलीकडून आलेलं. त्या लोकांसाठी एक जुना शब्द आहे. तो मी उच्चारत नाही, नुसता मनात आला तरी बोट हलतं. माझे आजोबा सांगायचे, पूर्वी त्या शब्दाचा अर्थ एवढाच, नदीपलीकडचा. मग लोक तो दात खाऊन म्हणायला लागले, आणि झाली शिवी! तर गोलीच्या हातून चेंडू सुटला, तोफनं श्वास घेतला, मी टूं केलं. पुन्हा श्वास, पुन्हा टूं. शेवटी काचेतून माझ्याकडे बघून गोड हसला, आणि श्वासबिस न घेता म्हणाला, "जाऊ द्या मंडळी, पाहुणाच तो!"

आता सांगा! पाहुणा! रस्त्यात अनोळखी माणसाला आपण हाक काय मारतो? "काय पाहुणं!" दाबायचं कशावर? मी साहेबांकडे गेलो. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "काका, माझ्या बायकोचं अख्खं माहेर पाहुणेच आहे. उद्या नमस्कारावर टूं दाबाल!" आणि इकडे फोनवर फोन, "हॅलो तोफसाहेब, खी खी, पाहुणा आला कधी नि जाणार कधी?"

मला एवढं झोंबायचं कारण काय? अहो, आमचे जावई त्याच लोकांतले! पोरीनं स्वतःच जमवलं. ही आधी रुसून जेवेना, आणि महिन्याभरात "जावयांना विचारल्याशिवाय भाजी आणू नका" इथपर्यंत मजल. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं, बाजारपेठेत. माणूस इतका गरीब, की काड्या फुकट बसवून देतो आणि वर माफी मागतो. समोरचा न्हावी वर्षानुवर्षं त्यांना म्हणायचा, "या पाहुणे!" त्या आठवड्यातही तसंच म्हणाला. पण म्हणताना बाकावरच्या गिऱ्हाइकांकडे बघितलं, आणि कुणीच हसलं नाही. जावई दाढी न करता परत आले.

दोन दिवसांनी दुकानाच्या शटरवर हे एवढ्या अक्षरात, "पाहुणे, निघा." जावई म्हणतात, "बाबा, अक्षर छान मोठं आहे, कुणाला चष्मा लागायचा नाही." हसले. एकटेच हसले. मी चौकीत गेलो, तर हवालदार पेन कानावर ठेवून म्हणतो, "यात शिवी दाखवा, लगेच लिहून घेतो." घ्या! त्याचंही तेच, माझंही तेच. बटण आहे हो, पण दाबू कशावर?

आणि मग अंतिम सामना. हरलो. चेंडू गोलीच्या पायांखालून गेला. तोफ बोलायला लागला, आवाज एकदम हळू. तुम्हाला सांगतो, तो ओरडतो तेव्हा मी भीत नाही. म्हणाला, "मंडळी, पाहुण्यांना पोचवायची वेळ झाली. ज्यानं त्यानं आपापल्या गल्लीतला पाहुणा पोचवावा." पोचवावा! कुठं पोचवावा? माझं बोट आपोआप गेलं हो! पाहुण्यावर टूं, दुसऱ्या पाहुण्यावरही टूं!

मला वाटलं, आता नोकरी गेली. गेली तर गेली. पण साहेब माझी पाठ थोपटून म्हणाले, "उत्तम! आपण कापलं म्हणजे आपल्यावर काही नाही." आणि तोफ? खूश! कारण गावानं काय ऐकलं? "आपापल्या गल्लीतला टूं पोचवावा." लहान मुलालासुद्धा कळलं, टूं म्हणजे कोण ते. वर पाहुणा ही शिवी आहे यावर आमच्याच रेडिओचा शिक्का. कुणी मारला? मी! म्हणजे करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात ना, तसं. पण हा मारुती काठी घेऊन फिरतोय हो.

दुसऱ्या दिवशी पोरीचा फोन, "बाबा, दुकानासमोर माणसं उभी आहेत. मारत नाहीत, शिव्या देत नाहीत. नुसती टूं म्हणतायत." मागनं मला ऐकू येत होतं. टूं... टूं... माझाच आवाज!

दोघांना घरी आणलंय. मागच्या खोलीत आहेत, पडदे ओढून. ही दाराला आतनं टेबल लावते आणि मला म्हणते, "आता नीट दाबा म्हणजे झालं." आज पुन्हा सामना आहे, नवी स्पर्धा, निघालोच होतो. मी चपला घालत असताना जावई म्हणाले, "बाबा, तोफ आता पाहुणा म्हणतच नाही. तोंडानंच टूं म्हणतो."

म्हटलं, माहितीय. श्वासही घेत नाही.

बटण आहे हो, माझ्याच बोटाखाली आहे. पण टूंवर दाबलं तर तुम्हाला ऐकू काय येणार?

टूं!