खोळंब्याचे तीन तास

कंटेनर यार्डाच्या खिडकीपुढे म्हातारा ट्रकवाला आणि त्याची बायको उभी होती. मागच्या ड्रायव्हरचा घाईने जीव वरखाली होत होता, पण कान मात्र पुढेच लागले होते.

खिडकीतली कारकून बाई म्हणाली, "काका, गाडी आठला आली, माल अडीचला उतरला. पहिले दोन तास धरत नाहीत. साडेचार तासांच्या खोळंब्याचे पैसे मिळतील तुम्हाला."

"दीडच तासाचे लावा, ताई. आठ ते अकरा मीच माझा नंबर मागच्यांना देत होतो."

"अहो, इथे नंबरासाठी मारामाऱ्या होतात!"

"ही केबिनमध्ये झोपली होती. परवाच दवाखान्यातून आणलीय. इंजिन सुरू केलं की जागी होते."

"मी जागीच होते."

"काय सांगतेस! मग बोलली का नाहीस?"

"पस्तीस वर्षांत कधी तीन तास माझ्यापाशी बसलात? म्हटलं, डोळे उघडले की गाडी सुरू कराल."

"काका, मग किती लिहू?"

"दीडच."

"दीडच लिही गं बाई. आणि चला आता, गाडी काढा."

"काढतो गं. घाई कुणाला आहे?"

मागच्या ड्रायव्हरला होती. पण त्याने बाजूला सरून दोघांना सावकाश जाऊ दिलं.