फुडचं पान

म्या तेरखेड्याची. लोहाऱ्याला दिली त्याला तीस वर्सं होऊन गेली, पर माहेर कोणतं म्हणलं की तोंडात तेरखेडाच येतंय. फटाक्याचं गाव आमचं. माय आन् म्या दिवसभर नळ्या वळायचो, सळईवर कागद गुंडाळायचा, खळ लावायची, सळई काढून घ्यायची, झाली फटाक्याची नळी. काय सांगू तुम्हाला, बोटाची खळ भाकरी खातानाबी निघायची न्हाय.

तर माझी लेक वैशाली, पुण्यात शाळेवर बाई हाय, दिवाळीच्या सुट्टीत आली आन् म्हणाली, आई, मला तुझी शाळा दाखव, तिथं तुझा फोटू काढायचाय. म्या तर शाळेत गेलेच न्हाय कवा. तिला पहिलीत घालताना मास्तरांनी इचारलं आईचं शिक्षण किती, तवा लाजंकाजं चौथी म्हणून गेले, आन् पोर तेच धरून बसली, माझ्या आईनं चौथी शिकून मला शिकवलं म्हणून चारचौघांत सांगती. आता लेकीला कोणत्या तोंडानं सांगू, की तुझी आई खोटं बोलली?

तेरखेड्याला एसटीतून उतरलो. शाळेच्या फाटकापाशी तिनं मोबाईल काढला, म्हणाली, उभी राहा की. म्या फाटकापासनंच मागं फिरले. म्हणलं, बाई, ही न्हाय माझी शाळा, चल माझ्यासंगं. आन् आम्ही नळ्या वळायचो त्या पत्र्याच्या शेडात तिला नेली.

मायच्या जोडीला बसायची ती शेवंतामावशी अजून तिथंच नळ्या वळत बसलेली. तिनंच मला अक्षरं शिकवली. नळ्यांसाठी शाळेच्या पुस्तकांची रद्दी यायची, तिच्यातलं पान आधी वाचायचं, मग गुंडाळायचं. चौथीचं खोटं, रद्दीची पानं, समदं ऐकून वैशालीनं इचारलं, म्हंजे आईच्या बाई तुम्हीच? मावशी म्हणाली, व्हय, पर लई संथ पोर, तिचं एक पान व्हईस्तवर माझ्या धा नळ्या व्हायच्या.

वैशाली हसली. म्हणाली, आई, ती कोकराची गोष्टबी असल्याच पानातली का? ल्हानपणी म्या तिला सांगायची, धनगराची पोर हरवलेलं कोकरू हुडकत डोंगर चढती आन् पल्याड तिला दिवा दिसतोय. तिथनं फुडं रोज निराळं. कवा कोकरू घावायचं, कवा ते आपलंआपणच घरी येऊन बसलेलं असायचं. मला रडूच आलं. म्हणलं, मला शेवट ठावंच न्हाय गं, फुडचं पान कुणाच्या नळीत गेलं काय म्हाईत.

तिनं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, आई, माझ्या वर्गात मी ती गोष्ट दिव्यापर्यंतच सांगते, पुढचं पोरांनाच सांगायला लावते, आन् दरेकाचा शेवट निराळा निघतो.

फोटू शेडातच काढला, मावशी आन् म्या, हातात सळया. तुम्ही माझं हे लिहून घेताय तर चौथी शिकली तेवढं लिहू नका, जे हाय ते लिहा. लेकीचं चांगलं झालं, तिच्या वर्गातल्या लेकरांचंबी भलं व्हवो. एवढी पोरं शेवट सांगत्यात, त्यातला एखादा तरी त्या फुडच्या पानावरला आसंल की.